नऊ वाजताचं नवं वर्ष

गुल्तेनने उंबऱ्यावर डाळिंब आपटलं, पण ते फुटलं नाही. धप्प आवाज झाला आणि ते पायरीवरून घरंगळत पावसात गेलं.

"थांबा, परत," ती हसत म्हणाली आणि भिजत जाऊन ते उचलून आणलं. दुसऱ्यांदा जोर लावल्यावर ते उकललं. आतले दाणे तपकिरी पडले होते. आंबूस वास सुटला. दारात उभ्या असलेल्या नाजियेआजी, म्हणजे गुल्तेनच्या सासूबाई, तुर्कीत काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणाल्या गं?" धम्मशीलाने विचारलं.

"म्हणतात, या दोघींना आज घरी परत पाठव." गुल्तेन अजूनही हसत होती, पण हसत होते ते फक्त तिचे ओठ.

धम्मशीलाने लेकीला, दियाला, पुढे घातलं आणि ते नासकं फळ ओलांडून ती आत गेली. साउथहॅम्प्टनच्या आंबेडकर अभ्यास मंडळात दर महिन्याला शकुन-अपशकुनांची सालं काढणारी बाई ती; डाळिंबाला घाबरून मागे फिरणार थोडीच!

दोघींची घरं भिंतीला भिंत लागून होती. गुल्तेनच्या नवऱ्याचं नाव फेरीत; तो बंदरात क्रेन चालवायचा. मे महिन्यात हार्ट अटॅकने गेला. दरवर्षी एकतीस डिसेंबरला तो दारात डाळिंब फोडायचा; जितके दाणे दूर उडतील तितकं वर्ष भरभराटीचं. उंबऱ्यावर मीठ टाकायचा, मागच्या बागेत कोळशावर चेस्टनट भाजायचा. इस्तंबूलला बारा वाजतात तेव्हा इथे नऊ वाजलेले असतात, म्हणून त्या घरात नवं वर्ष नऊलाच यायचं. यंदा गुल्तेनने आधीच सांगून ठेवलं होतं, "सगळं त्याच्यासारखंच करणार आहे मी. तुम्ही यायचंच." धम्मशीलाचा नवरा इंद्रजित हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होता, म्हणून मायलेकीच आल्या.

घर उबदार होतं. बाहेर वादळ घोंघावत होतं, त्यामुळे एकूण एक खिडकी घट्ट लावलेली. गुल्तेनने लाल ब्लाउज घातला होता, दियाला लाल मोजे दिले होते; नव्या वर्षात अंगावर लाल काहीतरी हवंच म्हणे. टेबलावर बेदाणे घातलेला पुलाव, टर्की, भाजलेल्या बदामांची वाटी. नाजियेआजी त्यांच्या आवडत्या जागी, स्वयंपाकघरापलीकडच्या काचेच्या खोलीत, मांडीवर शाल घेऊन बसल्या होत्या. मधलं दार ऊब यावी म्हणून किलकिलं ठेवलेलं. चेस्टनटचा खरपूस वास सगळ्या घरात भरला होता.

जेवण झाल्यावर बाकीच्या तिघी तोंबोला खेळायला बसल्या. आपल्या हाऊजीसारखाच खेळ. पिशवीतून आकडे काढायचे आणि कार्डावर राजम्याचे दाणे ठेवायचे. गुल्तेन आकडा वाचायची आणि तोच पुन्हा वाचायची. स्वतःच हसत सुटायची. मग ते हसू अर्ध्यावर विरून जायचं.

"आई, माझा डोकं खूप दुखतो," दिया तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली.

"मोबाइल बाजूला ठेव जरा."

धम्मशीलाचंही डोकं ठणकत होतं. कपाळाभोवती कुणी पट्टा आवळत असावं तसं. छातीवर दडपण आलं होतं आणि एकच विचार मनात घोळत होता: उठावं, पोरीला घ्यावं आणि निघावं. कशाला, ते कळत नव्हतं. मग तिला दारातलं ते तपकिरी फळ आठवलं आणि ती स्वतःवरच चिडली. म्हणजे एका नासक्या डाळिंबाने तिलाही धरलं की काय? चार जणांत भाषणं ठोकायची आणि इथे म्हातारीच्या एका पुटपुटण्याने गर्भगळीत व्हायचं! ती मुद्दाम रेलून बसली. मुद्दाम आणखी थोडा पुलाव मागून घेतला. घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना.

"आज घरात काहीतरी जड आहे," गुल्तेन कपाळ चोळत म्हणाली. "तुला नाही जाणवत?"

"छे," धम्मशीला म्हणाली. "काही नाही."

टीव्हीवर इस्तंबूलची गर्दी आकडे मोजू लागली. गुल्तेन टेबलाला धरून उठली. "नळ! घरातले सगळे नळ सोडायचे. वर्षभर घरात बरकत अशीच वाहते. शीला, तू किचनमधला सोड."

धम्मशीला स्वयंपाकघरात गेली. तिने नळ सोडला, पण हात स्वतःचा वाटेना. गुडघे वाकले. सिंक धरून ती कशीबशी उभी राहिली आणि समोरच्या किलकिल्या दारातून पलीकडे पाहिलं. काचांवर दाट वाफ धरली होती. फरशीवर फेरीतची लोखंडी शेगडी होती, तिच्यात राखेखाली लाल निखारे. शेजारी नाजियेआजींची मान छातीवर पडली होती. शाल खाली घसरली होती.

इतका वेळ तिने एकदाही विचारलं नव्हतं, की एवढ्या पावसात चेस्टनट भाजले कुठे?

नागपूरला असताना आई पेटती शेगडी कधी घरात आणू देत नसे. थंडी कितीही कडक असो, शेगडी अंगणात. ते आठवायला तिला केवढा तरी वेळ लागला. मग तिने धावत जाऊन बागेचं दार उघडलं. वारा आत घुसला, पाऊस घुसला, टेबलावरची कार्डं उडाली.

"दिया! बाहेर ये! पुढचं दार उघड!"

दिया खुर्चीत तशीच हसत बसली होती. आईकडे बघत होती आणि उठत नव्हती. धम्मशीलाने तिला दंडाला धरून ओढलं, पुढच्या पायरीवर पावसात बसवलं आणि परत आत गेली.

"वेडी झालीस का? अंगण भिजतंय घरात!" गुल्तेन ओरडली. आपण काय बोललो ते तिला कळलं नव्हतं.

"कोळसा, गुल्तेन! कोळशाचा गॅस! आजींना धर!"

दोघींनी म्हातारीला खुर्चीसकट बागेत ओढलं. ओठ गुलाबी होते, चेहऱ्यावर छान झोप होती, आणि हाका मारून डोळे उघडत नव्हते. घरातले नळ धो धो वाहत होते. धम्मशीलाने ॲम्ब्युलन्सला फोन लावला आणि स्वतःचा पत्ता सांगताना दोनदा अडखळली.

हॉस्पिटलमध्ये चौघींना ऑक्सिजन लावला. इंद्रजित वॉर्डातून धावत खाली आला. मशीन नाडी मोजत असतानाही तो दियाचं मनगट धरून उभा राहिला.

पहाटे गुल्तेनने मास्क बाजूला केला. "डाळिंबाने सांगितलं होतं गं. आई म्हणाल्या होत्या, परत पाठव म्हणून."

"नाही, गुल्तेन. हे कोळशाने केलं. मला खूप आधीपासून बरं वाटत नव्हतं. तरी मी उठले नाही."

"का?"

"मी अपशकुन मानते असं दिसायला नको होतं मला."

गुल्तेनने धम्मशीलाच्या हातातला आपला हात हळूच काढून घेतला.

नाजियेआजी शुद्धीवर आल्या आणि आठवड्याभरात घरीही आल्या. खणखणीत बोलत होत्या, गुल्तेनच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होत्या. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. इंद्रजितने तेवढं बजावलं, "यात त्रास कधीकधी नंतर दिसतो. सगळं ठीक वाटत असताना. लक्ष ठेवा."

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी गुल्तेनने भिंतीवर मुठी आपटल्या. धम्मशीला धावली. नाजियेआजींनी फेरीतचं ताट वाढून ठेवलं होतं आणि तो कामावरून अजून आला नाही म्हणून त्या रागावल्या होत्या. गुल्तेनकडे बोट दाखवून त्या ओरडत होत्या. काय ओरडत होत्या ते गुल्तेनने रडत रडत सांगितलं: ही बाई कोण आहे, हिला माझ्या घरातून काढा.

दुपारी त्यांना पुन्हा हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टर म्हणाले, हा त्या गॅसचाच उशिरा दिसलेला परिणाम; यातून त्या किती बाहेर येतील ते आज सांगता येणार नाही.

संध्याकाळी धम्मशीलाच्या घरी तिघं जेवायला बसली होती. दिया फोनचा चार्जर आणायला वर गेली. बराच वेळ आवाज नाही. मग ती रिकाम्या हातांनी खाली आली आणि शेवटच्या पायरीवर थांबली.

"आई, मी वर कशाला गेलेली?" ती हसली.

"असं होतं कधीकधी," धम्मशीला घाईने म्हणाली. "कुणीही विसरतं."

इंद्रजितने हातातला घास ताटात ठेवला.

"दिया," तो म्हणाला, "इकडे ये. माझ्यासमोर बस जरा."