धुतलेल्या मिरच्या

स्पासला मी शब्द देऊन बसले होते, "मिरच्या माझ्यावर सोड." आणि या दोन्काचा शब्द म्हणजे शब्द, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

स्पासच्या शेतात आमच्या इमारतीतल्या बारा घरांचा वाटा. त्यानं पिकवायचं, दर शनिवारी पेट्या आणून द्यायच्या, जे येईल ते आम्ही खायचं. पण यंदा ऑगस्ट सरता सरता लांबट लाल गोड्या मिरच्यांचा असा लोंढा आला की लोकांच्या बाल्कन्यांत त्या सडायला लागल्या. चार घरं म्हणाली, पुढच्या वर्षी आम्ही नाही. त्यांचा म्होरक्या दुसऱ्या मजल्यावरचा वेलिको, लिफ्ट दुरुस्त करणारा. आठ घरांवर शेत चालत नाही. स्पास ते सोडून परदेशात बांधकामावर जाणार होता. एवढा गुणी पोरगा विटा वाहणार, या विचारानं माझ्या जिवाला घोर लागला.

मी फर्मान काढलं, "रविवारी सगळे अंगणात या. ल्यूतेनित्सा करू. हिवाळाभर पावाला लावून खाल, मग बघते कोण वाटा सोडतं ते." ल्यूतेनित्सा म्हणजे भाजलेल्या मिरच्या आणि टोमॅटो आटवून केलेली घट्ट चटणी.

रविवारी सगळे आले. मिरच्या काळ्या पडेपर्यंत भाजल्या आणि सालं सैल व्हावीत म्हणून झाकणाच्या पातेल्यांत घाम सुटायला ठेवल्या. मी वर बरण्या आणायला गेले. खाली येऊन बघते तर वेलिको नळाखाली मिरच्या खळखळून धुतोय. सालं निघाली होती, आणि भाजल्याची चव गटारात चालली होती.

"वेलिको, अरे भाजलेली मिरची कुणी धुतं का रे?"

"काळं लागलं होतं काकू. मला काय ठाऊक? आईनं कधी पातेल्याजवळ उभं केलं असेल तर शपथ. 'हो बाजूला, लुडबुड नको,' एवढंच ऐकलंय मी."

पन्नाशीचा गडी, कोपरापर्यंत ओला, चोरी पकडल्यासारखा उभा. मला माझीच लाज वाटली. माझ्या लेकीलाही मी जन्मभर हेच म्हणत आले. आणि आज सकाळपासून हुकूम सोडले, पण सालं कोरड्या हातानं काढायची हे सांगितलं नाही. हे कुणाला सांगावं लागतं असं मला वाटलंच नव्हतं. चूक माझी होती.

स्पास भिंतीला टेकून उभा होता, तोंड एवढंसं करून.

मी विचारलं, "पातेल्यांच्या तळाशी काय उरलंय?"

"घाण पाणी," वेलिको म्हणाला. "ओतून देतो."

"हात तर लावून बघ."

घाम सुटलेल्या मिरच्यांचा तो तपकिरी रस. सगळा धुरकट वास त्यात उतरलेला असतो. मी तो गाळला आणि टोमॅटो रटरटत होते त्या कढईत ओतला. वाटलेल्या मिरच्या त्यातच गेल्या. मग लाकडी कालथा वेलिकोच्या हातात दिला.

"मी?" तो म्हणाला.

"नाही तर काय, तुझी लिफ्ट? ढवळ. तळाला लागू देऊ नकोस."

दोन तास तो ढवळत होता. माझे हात शिवशिवत होते, म्हणून मी ते पाठीमागे धरून ठेवले.

"झालं हे कसं कळायचं काकू?"

"कालथा तळाशी ओढ. वाट मिटली तर थांब, उघडी राहिली तर उतरव."

त्यानं ओढला. वाट मिटली. पुन्हा ओढला, पुन्हा मिटली. सातव्या-आठव्या खेपेला कढईचा तळ लख्ख दिसला आणि तसाच दिसत राहिला. वेलिकोनं कढई उतरवली. मग पावाच्या तुकड्यावर घेऊन त्यानं चाखलं, आणि दुसरा तुकडा स्पासला दिला.

"स्पास," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मला दोन पेट्या जास्त. आणि माझ्या पोरीला मी आत्ता खाली बोलावतोय. तिला ही वाट दाखवायचीय."