बेखमीर भाकर

हॉइट लेडबेटर हा स्टोनी फोर्क बॅप्टिस्ट मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, थोरला डीकन, पाळकाच्या हाताखालचा कारभारी, आणि पोटच्या पोराच्या मंडळीशी संबंध तोडायचा ठराव त्यानंच मांडला. आमच्या टेनेसीच्या डोंगरात लोक अजूनही या गोष्टीवरून दोन्ही बाजूंनी भांडतात. भांडोत बापडे.

झालं होतं असं. हॉइटचा मुलगा कार्लटन डोंगरापलीकडच्या लॉरेल गॅपच्या मंडळीचा पाळक. त्यानं आपल्या सभांना एक उपदेशक बोलावला. उपदेशक चोख होता, बोट ठेवायला जागा नाही. पण हाच गृहस्थ मागे कधीतरी नॉक्सव्हिलला ज्या व्यासपीठावर बसला होता, तिथे शेजारच्या खुर्च्यांवर कुमारीच्या पोटी ख्रिस्त जन्मला हे धड न मानणारी माणसं होती. आता चुकीच्या माणसापासून दूर राहायचं, हे ठीक. पण जो दूर राहत नाही त्याच्यापासूनही दूर राहायचं, आणि त्याला बोलावणाऱ्यापासूनही. बाहेरच्याला हे सुतावरून स्वर्ग गाठणं वाटेल. वाटू दे. आमच्याकडे बापलेक यावरून तुटतात.

ठरावाला आमच्यात उभं राहून मत देतात. ब्रदर मेपल्स, आमचे पाळक, म्हणाले, "बाजूचे असतील त्यांनी उठावं." अख्खी मंडळी उठली. हॉइटनं वळून पाहिलं, तर तिसऱ्या बाकावर त्याची बायको नेल्डा मांडीवर हात ठेवून बसलेली.

"नेल्डा, ऊठ," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"गुडघे दुखतायत."

आदल्याच दिवशी ती शिडीवर चढून सफरचंदं काढत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग रीतीप्रमाणे तिला समजवायला डीकन घरी गेले. हॉइटलाही जावं लागलं. स्वतःच्याच दारात टोपी हातात धरून उभा राहिला बिचारा. नेल्डानं सगळ्यांना कॉफी दिली, ॲपल पाय कापून दिला.

"पोटभर खा," ती म्हणाली. "शिकवण तुमची खरी आहे, मी कधी नाही म्हटलंय? पण कार्लटनच्या विरोधात माझे पाय उठायचे नाहीत. आणि हॉइट, तू काय पाहुण्यासारखा उभा आहेस? बस की."

पुढच्या रविवारी बायबलातला मत्तयाचा अठरावा अध्याय वाचून तिचं नाव मंडळीतून काढलं. वाचायचं काम हॉइटकडेच आलं. त्याचा आवाज एकदाही अडखळला नाही, आणि याचा त्याला त्या दिवशी अभिमान वाटला.

नाव काढलं तरी नेल्डा यायची थांबली नाही. तोच बाक, तीच टोपी. प्रभुभोजनाला ख्रिस्ताच्या आठवणीत सगळे मिळून घेतात ती बेखमीर भाकर वर्षानुवर्षं तिच्या हातची असायची, आता दुसरीकडून यायला लागली. सभासद नसलेल्याला आमच्यात ती भाकर मिळत नाही. ताट घेऊन हॉइट तिसऱ्या बाकाशी आला की नेल्डा गुडघे बाजूला घ्यायची आणि ताट तिच्यावरून पुढे जायचं. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगणार कुणाला?

मग तिच्या स्वादुपिंडात कॅन्सर निघाला. डॉक्टरनं हात टेकले. घरी आणल्यावर ती म्हणाली, "मला एकदा प्रभुभोजन घ्यायचंय, हॉइट. बाकी काही नको."

हॉइट आधी ब्रदर मेपल्सकडे गेला. ते काही दुष्ट नव्हते. त्यांचेही डोळे भरले. "एक वाक्य म्हणू दे तिला, ब्रदर हॉइट. 'मी चुकले.' आम्ही सगळे तिच्या खाटेशी येतो, तिथेच परत घेतो."

नेल्डानं ऐकून घेतलं. "मी चुकले नाही. खोटं बोलून प्रभूच्या मेजाशी बसू? त्याहून उपाशी बरी."

शेवटी हॉइट डोंगर ओलांडून लॉरेल गॅपला गेला. ठरावानंतर तो पहिल्यांदाच मुलाच्या दारात उभा होता. कार्लटन धावत बाहेर आला, त्याला मिठी मारली. हॉइटनं नेल्डाची इच्छा सांगितली. कार्लटन पायरीवर बसला.

"नाही देता येत, बाबा."

"तू पाळक आहेस ना?"

"आई माझ्या मंडळीची नाही. तुम्ही काढलेलं माणूस तुम्ही मोकळं केल्याशिवाय आम्ही घेत नाही. आणि प्रभुभोजन जमलेल्या मंडळीत व्हायचं, खिशात घालून घरोघर न्यायचं नाही. ती काय औषधाची गोळी आहे?" तो ओक्साबोक्शी रडायला लागला. "मी बारा वर्षांचा असताना हेच विचारलं होतं, आजीसाठी. तुम्हीच हे उत्तर दिलं होतंत."

पोरगा बरोबर होता, म्हणूनच जास्त लागलं. हॉइटनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉइट स्वयंपाकघरात शिरला. पीठ, पाणी, थोडं तेल. जन्मात कधी लाटणं धरलं नव्हतं. जमेल तशी भाकर भाजली, पेल्यात द्राक्षाचा रस ओतला आणि थाळी घेऊन खाटेशी गेला.

नेल्डानं भाकर पाहिली. "हे काय रे? खेटराचा तळवा भाजलास का?"

"नेल्डा, दोघं-तिघं प्रभूच्या नावानं जमले की तो मधे असतो, असं वचन आहे. तू नि मी दोघं आहोत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता, हेच त्याला सोसवेना.

"ते वचन कुठलं आहे, हॉइट?"

त्यानं थाळी खाटेच्या कडेला ठेवली.

"मत्तयाचा अठरावा. माणूस बाहेर काढायच्या जागेचं. तूच वाचलंस की माझं नाव काढताना, आणि छान वाचलंस." तिला धाप लागली. "तू नि मी मिळून मंडळी होत नाही. तूही मानतोस, मीही मानते. उगाच पाप करू नकोस माझ्यासाठी."

हॉइटनं थाळी उचलली.

"ठेव. जेवण म्हणून दे. भूक लागलीये."

गेले चार दिवस तिच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नव्हतं. तो म्हणाला, "लोणी लावून आणतो."

"लोणी नको."

त्यानं भाकर मोडली आणि लहानसा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. प्रभुभोजनाचे शब्द जिभेवर आले होते, इतकी वर्षं ऐकलेले. ते त्यानं दातांखाली धरले. नेल्डानं डोळे मिटले, मान खाली घातली, आणि तिचे ओठ हलायला लागले.

हॉइट खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. तिला ते घेताना पाहिलं असतं, तर डीकन म्हणून त्याला रविवारी मंडळीपुढे सांगावं लागलं असतं. पेला उचलल्याचा आवाज आला, परत ठेवल्याचा आला. तो रडत होता आणि मागे वळत नव्हता.