लंबूला पुढची सीट

माझे तीन जिवलग मित्र आहेत. लंबू, बॉस आणि जाड्या. तिघंही मी बनवलेले आहेत.

मुद्दाम बनवले असं नाही. गेल्या वर्षी एका रविवारी ताईनं फोनवर विचारलं, "आज काय केलंस?" त्या दिवशी मी सकाळी कॉटवरून खुर्चीवर आलो होतो आणि जेवण झाल्यावर खुर्चीवरून कॉटवर गेलो होतो. हे काही सांगण्यासारखं नव्हतं. म्हटलं, "मित्रांबरोबर होतो."

"कोण मित्र?"

खिडकीतून समोर मोबाइलचा टॉवर दिसत होता. म्हटलं, "लंबू."

मग एकटा लंबू काय करणार, त्यालाही सोबत हवी, म्हणून बॉस आला. जाड्या त्याच फोनच्या शेवटी आला. तो कसा आला ते मलाही माहीत नाही.

वर्षभरात तिघांनीही बरीच प्रगती केली. लंबू बँकेत लागला. बॉसनं गाडी घेतली. जाड्याचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि त्या आठवड्यात ताई रोज फोन करून त्याची चौकशी करत होती. "जेवतोय का रे तो नीट?" मी म्हणायचो, जेवतोय. माझी चौकशी करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही, पण माझं तरी कुठं काय मोडलं होतं.

हे असंच सुखानं चालू राहिलं असतं. पण भावजींना हवी होती ती नोकरी मिळाली, आणि ती मिळाली समुद्रापलीकडे. ते पुढे निघून गेले. ताई मागून जाणार होती. ती गेलीच नाही. आधी म्हणाली पुढच्या महिन्यात, मग म्हणाली थंडी ओसरू दे. कारण काही सांगायची नाही, पण कारण मी होतो. आई-वडील गेल्यापासून आमच्या घरात मोठं माणूस म्हणजे ताई आणि लहान माणूस म्हणजे मी, एवढीच वस्ती उरली आहे. तिकडून भावजी मला फोन करून म्हणायचे, "अरे बाबा, तुझ्या बहिणीला सोड. मी इथं भिंतीशी बोलायला लागलोय." मी म्हणायचो, मी धरलेलं नाही. ते म्हणायचे, मला माहीत आहे, तरी सोड.

शेवटी मी ताईला विचारलंच. ती म्हणाली, "तू एकटा पडशील."

"एकटा कुठंय? तिघं आहेत की."

"मग घेऊन ये तिघांना. येत्या रविवारी. सकाळी निघा, इथं जेवा, संध्याकाळी परत जा. मला एकदा डोळ्यांनी बघू दे. पटलं तर लगेच तिकीट काढते. नाही पटलं तर ह्यांना सांगते, गाशा गुंडाळा आणि परत या."

अशा रीतीनं सहल ठरली. माझं गाव ते ताईचं गाव, त्याच दिवशी परत. रस्ता चांगला होता, हवा चांगली होती. फक्त माणसं जमवायची होती.

मी फोनवर 'सहल' नावाचा गट काढायला गेलो. फोन म्हणाला, गटात निदान आणखी एक जण हवा. म्हणजे ही गोष्ट आता फोनलाही कळली होती.

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. लोक मला मास्तर म्हणतात. काम सोपं आहे: शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि घाबरलेलं दाखवायचं नाही. माझ्या पायाखाली एक जादाचा ब्रेक असतो. शिकणाऱ्यानं ब्रेक दाबला नाही की मी दाबतो. दिवसभर अनोळखी माणसं माझ्या शेजारी बसून घाम पुसतात, देवाचं नाव घेतात, काही जण माझा हातही धरतात. परवाना मिळाला की जातात. जाताना पेढे देतात आणि मग रस्त्यात गाडीतून दिसतात, काच वर केलेली.

त्यामुळे जायचा प्रश्न एकाच ठिकाणी सुटला. आमच्या स्कूलचे मालक रविवारी गाडी द्यायला तयार झाले, पण एका अटीवर: गाडीत क्लास चालू असला पाहिजे. म्हणजे शिकाऊ माणूसच चालवणार. मी ताबडतोब दातवाल्या मॅडमना विचारलं.

मॅडम कवळ्या बनवतात. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून त्या लोकांचे दात घासून-पुसून तयार करतात. हात इतका हलका, की स्टिअरिंगसुद्धा मोडेल की काय अशा बेतानं धरतात. माझ्याकडे त्या सगळ्यांत जुन्या. परीक्षेत सारख्या नापास होत होत्या, आणि का ते कुणालाच कळत नव्हतं. माझ्या शेजारी तर लोण्यासारखी गाडी चालवायच्या.

"लांबचा क्लास आहे," मी म्हटलं. "फक्त तिथं पोचल्यावर तुम्ही बॉस."

"कुणाच्या?"

"कुणाच्याच नाही. नुसत्या बॉस. माझ्या मैत्रीण."

मॅडमनी गाडी कडेला घेतली, म्हणजे मी ब्रेक दाबला. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या विचारात पडल्या. "पण तुमचा बॉस तर पुरुष होता."

"ते मी बघतो."

संध्याकाळी ताईला सांगितलं की बॉस बाई आहे. ताई म्हणाली, "मग इतके दिवस बोलला नाहीस?" मी म्हटलं, विषयच निघाला नाही. मग ताई एकदम गोड आवाजात म्हणाली, "वय काय रे?"

"सत्तेचाळीस."

ताईनं लगेच रविवारच्या जेवणाचं काढलं.

लंबू मिळायला वेळ लागला. स्कूलच्या शेजारी चष्म्याचं दुकान आहे. चष्मेवाले मधूनमधून दारात येऊन उभे राहतात आणि रस्त्यावरच्या लोकांचे नंबर अंदाजानं सांगतात. त्यांना मी दबकतच विचारलं, कारण ते माझ्या खांद्यापर्यंत येतात.

"लंबू? मी?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मास्तर, आयुष्यात मला कुणी लंबू म्हटलेलं नाही. येतो."

"घरी काय सांगाल?"

"घरी विचारणार कोण? बायकोची मालिका आणि मी एकाच खोलीत असतो, पण आमची ओळख नाही."

जाड्यासाठी मी फार खटपट केली नाही. त्याला कांजिण्या आणल्या. ताई हळहळली. "बिचाऱ्याच्या मागं काही ना काही आहेच."

शनिवारी मॅडमच्या क्लासमध्ये तालीम घेतली. चष्मेवाले मागे बसले.

"लंबूला काय आवडतं?" त्यांनी विचारलं.

"क्रिकेट. आणि तो खूप हसतो."

"कशाला?"

"मी बोलतो त्याला."

आरशात ते माझ्याकडे बघत राहिले. "बरं. हसू."

"आणि मी?" मॅडम म्हणाल्या. "मी कशी आहे?"

"तुम्ही धाडसी आहात. मी आजारी पडलो की औषध घेऊन येता. जिन्यावरूनच ओरडता, उठ रे आळशा."

मॅडमनी गिअर बदलला. मग म्हणाल्या, "हे तिघं इतके चांगले आहेत, तर त्यांनाच का नेत नाही तुम्ही?"

"ते बिझी असतात."

चष्मेवाले खूप हसले. कशाला ते मला कळेना. मग लक्षात आलं, सराव करत होते.

बेत इतका पक्का केला की त्यात फट राहिली नव्हती. कुणी काय बोलायचं, कुणी गप्प बसायचं, भावजींचा विषय निघाला की काय म्हणायचं. शेवटची दुरुस्ती चष्मेवाल्यांनी सुचवली. "लंबूचे पाय लांब. तो मागे कसा बसेल? तुमच्या ताई दारातच उभ्या असणार. मी पुढच्या सीटवरून उतरलो पाहिजे." मला हे इतकं पटलं की मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. ठरलं: रस्ताभर मी पुढे बसायचं आणि ताईच्या गल्लीच्या तोंडाशी जागा बदलायच्या.

रविवारी निघालो. मॅडमनी बॉसला शोभेल असा गॉगल घातला होता, तो चष्मेवाल्यांनी दिलेला. रस्ता मोकळा. मॅडम सुरेख चालवत होत्या. मध्ये एका ठिकाणी चहा घेतला तेव्हा टपरीवाल्यानं "तिघं एकत्रच का?" असं विचारलं. बिलासाठी. मी "हो" म्हटलं ते गरजेपेक्षा जरा मोठ्यानं.

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. लंबू पुढे आले, मी मागे गेलो. ताई फाटकात उभी होती, पदराला हात पुसत. मॅडमनी गाडी हळूच वळवली. ताईनं हात हलवला. लंबूंनी हात हलवला. बॉसनीही एक हात काढून हलवला. मग आम्ही तिघंही गाडी थांबायची वाट बघत बसलो.

गाडी थांबेना.

"मॅडम, ब्रेक!"

"दाबा ना मग!" मॅडम ओरडल्या. "मी कधी दाबते?"

ताई बाजूला झाली. आम्ही फाटक उघडून आत गेलो, म्हणजे फाटकच आमच्याबरोबर आत आलं, आणि जास्वंदीच्या कुंडीनं आम्हाला थांबवलं. कुणाला लागलं नाही. टपावरची 'शिकाऊ वाहन' लिहिलेली पाटी सुटून ताईच्या पायाशी येऊन पडली. बेतात पाटीचा कुणी विचारच केला नव्हता.

मॅडम स्टिअरिंग धरून तशाच बसल्या होत्या. "म्हणजे इतके महिने..."

"मी दाबत होतो."

"आणि परीक्षेला शेजारी बसतात ते साहेब?"

"ते दाबत नाहीत."

"हं," मॅडम म्हणाल्या. पुष्कळ दिवसांनी निदान झालेल्या माणसाच्या चेहऱ्यानं त्या खाली उतरल्या.

पुढच्या सीटवरून चष्मेवालेही उतरले. उतरल्यावरही त्यांच्या उंचीत फरक पडला नाही. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा लंबू?"

"बँकेत बसून बसून," मी म्हटलं.

लंबू खूप हसले.

ताईनं पाहुण्यांना हात-पाय धुवायला पाणी दिलं, पानं घेतली. जेवताना सगळे आपापली कामं चोख करत होते. लंबू क्रिकेटबद्दल बोलले, ते चुकीचं होतं पण जोरात होतं. बॉस मला म्हणाल्या, "जेव रे आळशा," आणि लगेच, "माफ करा हं, मास्तर." ताईनं तिघांनाही आग्रह करकरून वाढलं. जाड्यासाठी एक डबासुद्धा भरून ठेवला होता.

जेवणं झाल्यावर ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ती भांडी विसळत होती, मी पुसत होतो. लहानपणापासूनची वाटणी.

"विद्यार्थी आहेत ना तुझे?"

"एक. दुसरे शेजारचे दुकानदार."

"आणि खरा लंबू?"

मी ताट पुसत राहिलो. ते कोरडं झालं तरी पुसत राहिलो.

"कुणीच नाही?" ताई म्हणाली. "जाड्या पण नाही?" का कोण जाणे, पण जाड्याचं तिला जास्त लागलं. "मी त्याच्यासाठी इतकी..." तिनं नळ बंद केला. "मग मी कशी जाऊ रे? सांग ना. मी गेले तर तुला कोण आहे?"

"तू थांबलीस तर काय होईल सांगू?" मी म्हटलं. "मला लंबूला बढती द्यावी लागेल. जाड्याचं पुन्हा कुठंतरी जमवावं लागेल. तू काळजी करतेस म्हणून मला ह्या लोकांना पोसावं लागतं, ताई. दमलो मी. खऱ्या मित्रांना एवढे कष्ट पडत नाहीत."

ती हसली. हसता हसता डोळे पुसले, साबणाच्या हातानंच, म्हणून परत धुतले.

"आणि तिकडे भावजी भिंतीशी बोलतायत," मी म्हटलं. "भिंत काय बोलते तेही मला फोन करून सांगतात. तू जा."

पुढचं सगळं मी येताना मनात घोकून ठेवलं होतं. ती नको म्हणेल, मी समजावीन. ती आईचं नाव काढेल, मी विषय बदलीन. ती रडेल, मी चिडल्यासारखं करीन. मग आणखी एकदा नको म्हणेल. निदान दुपार तरी जाईल.

ताईनं ओला हात माझ्या डोक्यावरून फिरवला. "बरं," ती म्हणाली. "जाते."

"हो?"

"हो. आजच काढते तिकीट."

ती बाहेर गेली. बाहेरच्या खोलीत लंबू आणि बॉस फाटकाची बिजागरी कुठं मिळेल यावर वाद घालत होते, आणि ताई त्यांना हसून काहीतरी सांगत होती. बहुधा तिकिटाचंच. लंबू म्हणाले, "वा! अभिनंदन!" खरोखर आनंद झाल्यासारखे.

मी ताट फळीवर ठेवलं. ती हो म्हणाली तर मग काय करायचं, याचा विचार बेत आखताना माझ्या मनातच आला नव्हता.