दहापैकी किती?

हणमंत सरांनी चाळीस वर्षांत कुणाला ग्रेस दिली नव्हती. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, गल्लोगल्ली शंभर टक्के निकालाचे फलक लागले, तरी सरांच्या गणिताच्या पेपरात चौतीस म्हणजे चौतीसच. आई-बाप हातापाया पडले तरी ढिम्म.

आणि त्याच सरांनी नांदेडच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या धडधडीत खोटा आकडा सांगितला.

आठवड्यापूर्वी त्यांच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टरांनी ती बंद केली, जीव वाचला, डोकेदुखी मात्र हटेना. उजेड नको, भांड्याचा आवाज नको. अफूच्या जातीचं औषध दिलं की दुखणं दबायचं, पण माणूस गुंगीत जायचा आणि आत काही बिघडतंय का ते ओळखता येत नसे. म्हणून तिथे एका वेगळ्या उपायाची चाचणी चालू होती: गालाच्या हाडाखालून सुई देऊन दुखणं वाहणारा मज्जातंतू बधिर करायचा. चाचणीचे डॉक्टर होते आनंदराज.

भूकंपात घर गेल्यावर पत्र्याच्या शेडमधून लातूरला शिकायला आलेला पोरगा तो. सरांनी त्याच्याकडून फी घेतली नाही, पण सहामाहीला चौतीस दिले आणि पस्तीसावा काही दिला नाही. पोरगा व्हरांड्यातल्या खांबाला टेकून रडला. सरांनी ते खिडकीतून पाहिलं आणि पुढचा पेपर तपासायला घेतला. पंचवीस वर्षं ती गोष्ट त्यांच्या मनात सलत होती.

सकाळी सुई दिली तेव्हा दुखणं दहापैकी आठ होतं. दुपारी आनंदराज तक्ता घेऊन आले.

"सर, आता दहापैकी किती?"

डोक्यात घण पडत होते. सर म्हणाले, "दोन."

मुलगी मालविका उशाशी उभी होती. "बाबा, दोन म्हणता, अन् डोळे कामून मिटून राहिले?"

"तू गप बैस. लिही रे आनंदराज. लई चांगलं औषध हाय तुझं."

आनंदराजांनी पेन टेकवलंच नाही. स्टूल ओढून ते जवळ बसले.

"सर, सुईत औषध होतं का नुसतं मिठाचं पाणी, मलाच ठाऊक न्हाई. चिठ्ठी लखोट्यात बंद हाय. सही घेताना सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं होतं खरं. पण तेव्हा सर पोराच्या पांढऱ्या कोटावरचं नाव वाचत होते.

"पाणी असलं अन् त्यानंच दुखणं दोनवर आलं असं लिहिलं, तर औषध पाण्याच्याच बरोबरीचं ठरून नापास व्हतं, सर. उद्या तुमच्यासारखं कुणी इथं येऊन पडलं तर त्याला मी काय देऊ? अन् दुखणं वाढलं तर आत परत काही झालंय का, ते मला तुमच्या आकड्यावरूनच कळायचं हाय."

सरांना आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थ्यापुढे लाज वाटली.

"त्या चौतीसावर एक गुण देता आला असता मला," ते म्हणाले. "म्हटलं, आज द्यावा."

आनंदराजांनी तक्ता मांडीवर ठेवला. "तवा लई राग आला होता, सर. खोटं कशाला बोलू? पण तो गुण आता माझ्या काय कामाचा? मला आजचा खरा पायजे."

सरांनी डोळे मिटले. पेपर तपासताना बसत तसे ते स्वतःच्या डोक्यातलं दुखणं तपासत बसले. कुठून उठतं, कुठवर जातं, सकाळपेक्षा किती. मालविकाने हळूच पडदा ओढला.

"साडेआठ," ते शेवटी म्हणाले.

"मग डोक्याचा फोटो काढून बघू आत्ताच, अन् दुसरं औषधही देतो. पण अर्धा चालत न्हाई, सर. तक्त्यात पूर्ण आकडाच लिवावा लागतो."

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. चाळीस वर्षांची सवय होती, ती अशी सहजी सुटणार थोडीच!

"नऊ लिही मग," ते म्हणाले, "अर्ध्या गुणाची ग्रेस दिली म्हण."