खालची ओळ

ताईच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. तिला कमी ऐकू येतं. फोनवर आमचं बोलणं म्हणजे नुसती आरडाओरड, म्हणून मनातलं काही असलं की ती लिहिते, तेही आता जाड पेनाने, एका पानावर चार-पाच ओळी. आम्हा दोघांच्याही डोळ्यांचा पडदा मधोमध झिजत चालला आहे. वडिलांचंही असंच झालं होतं. ताईचा एक डोळा पूर्ण गेला आणि उरलेल्यावर मोतीबिंदू चढला. तिने विचारलं होतं :

'घुबडा, ऑपरेशननंतर तुला वाचता यायला लागलं असं तुझा मुलगा सांगतो. खरं का? मला सुईत दोरा ओवता येणार असेल तरच मी हा डोळा त्यांच्या हाती देईन. तू सांगशील ते खरं धरते.'

घुबड हे नाव तिनेच ठेवलेलं. लहानपणी मी अंधुक उजेडात वाचत बसायचो म्हणून.

जन्मभर मी छापखान्यात मुद्रितं तपासली. एकजण मूळ प्रत काना-मात्रा, स्वल्पविरामांसकट मोठ्याने वाचायचा आणि मी मुद्रितावरून नजर फिरवायचो. ऐकलेली ओळ डोक्यात धरून ठेवायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. मला बोलायला फारसं जमत नाही, ऐकायला जमतं.

डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनआधीच स्पष्ट सांगितलं होतं. मोतीबिंदू म्हणजे मळलेली काच, ती बदलता येते. मागचा पडदा मधोमध विरला आहे, तो बदलता येत नाही. उजेड वाढेल, वाचनाची आशा धरू नका. मी मान डोलावली. मान डोलावणं मला नेहमीच सोपं गेलं आहे. मनात मात्र म्हणत होतो की दोष सगळा काचेचाच असेल.

पट्टी निघाल्यावर तपासणीच्या खोलीत बाकावर बसवलं. माझ्या आधीचे पेशंट एकामागून एक समोरच्या तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होते. कुणी अडखळत, कुणी तोऱ्यात. माझी पाळी आली आणि मी वरपासून खालच्या ओळीपर्यंत वाचत गेलो. मी खोटं बोलत नव्हतो, निदान मला तसं वाटत नव्हतं. अक्षर कानात उमटायचं आणि डोळ्याला वाटायचं, आपणच पाहिलं. तपासणारी मुलगी खूश झाली. मुलाने तिथूनच आत्याच्या घरी फोन लावला आणि बाबांनी खालची ओळ वाचल्याचं तिच्या सुनेला सांगून टाकलं.

घरी येऊन पुस्तक उघडलं. समास लख्ख पांढरा. पानाच्या कडा, बांधणीचा दोरा, माझ्या अंगठ्यावरचे डाग, सगळं स्वच्छ. जिथे मजकूर असतो तिथे राखाडी चट्टा. नजर हलवली की तोही हलायचा. मी ते मिटून दुसरं पुस्तक काढलं, जणू पहिल्याचीच छपाई वाईट होती.

ताईचं पत्र आलं तेव्हा सुनेने ते माझ्या हातात ठेवलं. तुम्हाला वाचून दाखवायची माझी नोकरी सुटली, म्हणाली. मी हसलो. मग दार लोटून, मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून एकेक अक्षर वेचत बसलो. एवढ्याशा पत्राला सगळी दुपार लागली. ते उशीखाली ठेवलं. उत्तर आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. खरं लिहायचं तर आधी घरात तोंड उघडायला हवं होतं. रोज सकाळी मी पेपर समोर धरून बसायचो आणि बराच वेळ झाला असं वाटलं की पान उलटायचो.

एका संध्याकाळी जेवताना मुलाने सांगितलं, आत्या तयार झाली, पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली. ती कुणाचं ऐकणारी नव्हे, पण भावाला दिसायला लागलं म्हटल्यावर तिचा नाइलाज झाला. त्याला अभिमान वाटत होता. मी हातातला घास परत ताटात ठेवला.

"मला वाचता येत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे काय बाबा? तक्ता तर घडाघडा वाचलात."

"ऐकलेला होता."

तो माझ्याकडे पाहत राहिला असावा. चेहरा मला दिसत नव्हता, फक्त खांदे आणि मागची भिंत.

"मग रोज तासभर पेपरात काय बघता?" सुनेने विचारलं.

"समास."

ती हसली, मग तिचं हसू मध्येच थांबलं. मुलगा ताट तसंच सोडून उठला. आत्याला आत्ताच कळवतो म्हणाला. मी म्हटलं, नको, तिने मला विचारलंय.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सगळं सांगितलं. बाईंनी दुसरा तक्ता लावला. वरचं मोठं अक्षर कडेने लागलं, त्याखाली काही नाही. त्या रागावल्या नाहीत. ऑपरेशन उत्तम झालं आहे, म्हणाल्या.

घरी येऊन जाड पेन घेतलं. ओळी एकमेकींवर चढू नयेत म्हणून सून शेजारी बसली. मी लिहिलं :

'ताई, दोरा ओवता येणार नाही. मी वाचत नाही. तक्ता ऐकून म्हटला होता. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा मात्र दिसतात. निळं निळं दिसतं. दारात माणूस उभा आहे हे कळतं, कोण ते कळत नाही. एवढ्यासाठी एकुलता डोळा द्यावा का, ते मला सांगता येत नाही. मी दिला असता, पण माझं धरू नकोस. मी भित्रा आहे, मला अंधाराचं भय जास्त.'

शेवटची ओळ खोडायची का, असं सुनेने विचारलं. मी राहू दे म्हटलं. पाकीट मीच चिकटवलं आणि काठी घेऊन एकटाच खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या टपालपेटीची फट हाताने चाचपली, पाकीट आत सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही. पेटी भरलेली असावी. बोटं आत घालून मी ते आणखी खाली ढकललं.