फोन उचलणारं मशीन

“तुम्ही वायर तोडलीत, साहेब, आणि मला वाटलं माझा कान मेला!”

चार्टबाई हे एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की पार्सलच्या खिडकीशी उभे असलेले हमाल आत डोकावले. बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज राहत नाही, असं लोक म्हणतात. बाईंना आज चांगला अंदाज होता. त्यांना तेवढाच आवाज काढायचा होता.

डेपोचे साहेब नवे होते. ही बाई ठार बहिरी, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. माणूस बहिरा आहे म्हटलं की त्याला अक्कलही नाही असं धरून चालायची साहेब लोकांना सवय असते. त्यांनी गोड हसून पॅड ओढला आणि टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘बसा’.

बाई बसल्या नाहीत. दाराशी त्यांचा नवरा टोपी हातात धरून उभा होता. याच डेपोत ड्रायव्हर म्हणून आयुष्य घालवलेला माणूस, पण साहेबाच्या केबिनचा उंबरा ओलांडायचा म्हटलं की अजून पाय अडखळायचे त्याचे.

चार्टबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, ते कंडक्टर लोकांनी दिलेलं. आरक्षणाच्या खोलीत संगणकावर बसून एकेका गाडीचा चार्ट छापायचा, कोणत्या सीटवर कोण ते, आणि कंडक्टरच्या हातात द्यायचा, यात बाईंची सगळी नोकरी गेली. आणि ते मशीन काय मुकं नव्हतं. आजकालचे संगणक बसतात तोंड शिवल्यासारखे, चालू आहेत की मेलेत ते हात लावून बघावं लागतं. त्याचं तसं नव्हतं. बटण दाबलं की आधी पंखा धापा टाकायचा, जिना चढून आलेल्या म्हाताऱ्यासारखा. मग आत कुणीतरी आकडे मोजतंय अशी टिकटिक. मग फ्लॉपी दात खायची, घर्रर्र, टक, टक. आणि शेवटी एकच ‘पीं’. म्हणजे, आलो बाई, करा सुरू.

प्रिंटरचं तर विचारूच नका. गाडी भरलेली असली की तो या टोकापासून त्या टोकापर्यंत करवत चालवल्यासारखा जायचा. सीटा रिकाम्या असल्या की नुसत्या उड्या मारत खाली. बाई पाठ फिरवून डबा खात असल्या तरी कंडक्टरला सांगायच्या, “आज तुझी गाडी मोकळी रे.”

“बाई, तुम्ही नजर लावता,” तो म्हणायचा.

“मी कुठे बघितलं? मी तर जेवतेय.”

दुसऱ्या डेपोशी बोलायचं ते फोनच्या तारेतून. तिकडून फोन आला की मोडेम तो आपणहून उचलायचा आणि शिट्टी घालायचा. आधी लांब, सरळ. मग तिला फाटे फुटायचे. मग पत्र्यावर वाळू ओतावी तशी खरखर. अख्खी खोली कानात बोटं घालायची. बाईही घालायच्या. उगाच खोटं कशाला बोला, त्या वेळी त्या मशीनवर कुणाचा जीव नव्हता. जो तो शिव्याच द्यायचा.

मग गुपचूप चालणारे संगणक आले, जुनं मशीन पार्सलमागच्या खोलीत गेलं आणि बाई निवृत्त झाल्या. पुढे त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना दोन्ही कान घेऊन गेला.

घरात पाटी आली. नवरा तीवर लिहायचा. हा माणूस म्हणजे अख्खा प्रवास मागच्या सीटवरच्याशी गप्पा मारत गाडी हाकणारा. आता पाटीवर ‘चहा?’, ‘दूधवाला’, ‘झोप’. गप्पा गेल्या, नुसते निरोप उरले. लेक समुद्रापलीकडे नोकरीला. तिचा फोन आला की नवरा बोलायचा आणि बाई त्याच्या तोंडाकडे बघत बसायच्या.

“काय म्हणाली?”

‘बरी आहे’, तो लिहायचा.

“एवढा वेळ नुसतं बरी आहे, बरी आहे म्हणत होती?”

तो पाटी पुसायचा आणि दुसरीकडे बघायचा.

मोठ्या दवाखान्यात कानाच्या आत तार बसवली. बाहेर कानामागे यंत्र. ते पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा नवरा समोरच बसला होता, दाढी-बिढी करून. “अगं, येतंय का ऐकू?” असं तो म्हणाला असणार, ओठांवरून तसंच वाटलं. बाईंना ऐकू आलं ते डब्यात अडकलेल्या गांधीलमाशीसारखं, टीं, टर्र, टीं. कानवाली मॅडमही तशीच बोलत होती. खुर्ची, दार, सगळं जग तसंच. घरी येऊन बाईंनी यंत्र काढलं आणि उशीत तोंड खुपसलं. ज्याच्यासाठी देवाला हात जोडले, ते हे?

पण कानवाली मॅडम खमकी होती. तिचं नाव घेतलं की बाई आजही हात जोडतात. तिनं लिहून दिलं नाही, समोर बसून सावकाश, ओठ दाखवत सांगितलं, “मावशी, कान नवा आहे, मेंदू जुना. मेंदूला जे आवाज तोंडपाठ आहेत ते आधी ऐका. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असलं की तो जुळवून घेईल. तुम्हाला काय तोंडपाठ आहे?”

नवऱ्यानं सगळं करून पाहिलं. ताटं वाजवली. दाराची घंटा वाजवली. कुठूनतरी बसचा हॉर्न आणून घरात वाजवला, तेव्हा शेजारीण भांडायला आली. बाईंना तिचं भांडणही गांधीलमाशीसारखंच ऐकू आलं आणि त्या हसत सुटल्या. शेजारीण आणखी चिडली.

मग एक दिवस भाजी चिरताना बाईंची बोटं ओट्यावर आपोआप चालायला लागली. चार्ट भरताना चालायची तशी. बाई थांबल्या. आपल्याला तोंडपाठ काय आहे ते त्यांना कळलं.

डेपोत मेकॅनिक होता, त्याला सगळे पक्कड म्हणायचे. एखाद्या गोष्टीला धरलं की सोडायचा नाही. जुनं मशीन त्यानंच जिवंत ठेवलं होतं, टायरवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापायला. बाईंचं ऐकून त्यानं आधी मशीनवरची धूळ पुसली, मग खुर्चीवरची, आणि खुर्ची पुढे सरकवली.

बाईंनी बटण दाबलं.

पंखा धापा टाकायला लागला. टिकटिक झाली. घर्रर्र, टक, टक. आणि ‘पीं’.

जसंच्या तसं! नवरा गांधीलमाशी झाला होता, कानवाली मॅडम गांधीलमाशी झाली होती, पण हा गडी होता तसाच होता. मुळात टीं-टर्र करणाऱ्याचा आवाज आणखी काय बिघडणार? बाईंनी मशीनच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तू तरी ओळख दिलीस रे बाबा.” पक्कडनं उगाच पाना शोधायला खाली वाकून डोळे पुसले.

बाई रोज जायला लागल्या. कळ दाबायची, खट ऐकायचं. चार्ट छापायचा, भरलेला, मोकळा, पाठ फिरवून ओळखायचा. बोट आधी बोलायचं आणि कान मागून हो म्हणायचा. हळूहळू प्रिंटरच्या आवाजातून पंखा वेगळा झाला, पंख्यातून पक्कडचं खोकणं. मग एक दिवस घरी बाई पोळ्या लाटत होत्या आणि मागून कुणीतरी म्हणालं, “मिठाचा डबा कुठंय गं?”

बाई वळल्या. लाटणं हातातच.

“काय म्हणालात?”

नवरा घाबरून पाटी शोधायला लागला.

“पाटी मरू दे! मिठाचा डबा म्हणालात ना? अहो, इतक्या वर्षांनी बायकोच्या कानात पहिला शब्द घातला, आणि मीठ?”

त्या दिवशी त्यानं बोलून बोलून त्यांचं डोकं उठवलं. साठलेल्या सगळ्या गप्पा काढल्या. बाई मधेच यंत्र काढायची धमकी द्यायच्या, तेव्हा कुठे दम घ्यायचा.

राहिला फोन. तो सगळ्यांत अवघड, असं कानवाली मॅडमनं आधीच सांगितलं होतं. ओठ दिसत नाहीत, आवाज पिळून येतो. लेकीचा फोन अजून नुसता कचरा होता. तोड पक्कडनंच काढली. मोडेमची जुनी लाइन चालू होती. तो म्हणाला, “ताई, तुम्ही घरून फोन लावा. हा उचलेल. ह्याची शिट्टी तर पाठ आहे ना? तेवढी रिसीव्हरमधून ऐकायची.”

झालं. रोज सकाळी बाई नंबर फिरवायच्या. पलीकडे मशीन फोन उचलायचं आणि शिट्टी घालायचं. नवरा आतून ओरडायचा, “लागला का गं मित्राचा फोन?” बाई हातानंच गप्प करायच्या. शिट्टी आधी नुसती ठणक होती. मग सरळ झाली. मग फाटे ऐकू आले, मग वाळू. आणि एका संध्याकाळी लेकीच्या फोनवर, सगळ्या कचऱ्यातून धुऊन काढल्यासारखा एक शब्द बाहेर आला. “आई.”

पुढचं काही कळलं नाही, पण तो एक शब्द कळला. बाई रात्रभर तो जपत होत्या.

सकाळी उठून त्यांनी मशीनला फोन लावला. शिट्टी आलीच नाही. आली ती गांधीलमाशी. टीं, टर्र, टीं, तीच ती पुन्हा पुन्हा. बाईंनी फोन ठेवला, पुन्हा लावला. तेच. पुन्हा लावला. जी शिट्टी झोपेत ओळखली असती ती नासली होती. मशीन तर कधी बदलत नाही, मग बिघडलं काय? कान! देवानं एक शब्द हातावर ठेवला आणि मूठ आवळून घेतली.

बाईंनी यंत्र काढून कपाटात ठेवलं. नवऱ्याला सांगितलं, डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशीही डोकं दुखलं, तिसऱ्याही. लेकीचा फोन आला तेव्हा त्या पडवीत जाऊन बसल्या. नवऱ्यानं मुकाट्यानं पाटी खाली काढली.

शेवटी पक्कड आला. ताई येत का नाहीत, म्हणून. तो आणि नवरा काहीतरी बोलले, नवऱ्यानं फोन उचलला, नंबर फिरवला, ऐकलं, आणि बाईंना हाताला धरून कपाटापाशी नेलं. यंत्र लावायला लावलं. मग समोर उभा राहून, ओठ दाखवत म्हणाला,

“अगं वेडे, कान ठीक आहे तुझा. ती शिट्टी नाहीच. फोनवर एक बाई बोलतेय. ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ म्हणतेय!”

नव्या साहेबांनी लाइन तोडली होती. मशीन ओढून भंगाराच्या ढिगावर, पत्र्याखाली. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही.

आणि म्हणून बाई आज केबिनमध्ये उभ्या होत्या.

“मी नुसती भांडायला नाही आले,” त्या म्हणाल्या. “निम्मी भांडायला आले. निम्मी आभार मानायला. या डेपोनं मला एवढी वर्षं त्या मशीनसमोर बसवलं, म्हणून आज मला नवऱ्याची बडबड ऐकू येते. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण ते मशीन मला पाहिजे. घरी नेते. लेकीचा एकच शब्द झालाय माझा, बाकीची लेक अजून राहिलीय.”

साहेबांनी लिहिलं, ‘मशीन निर्लेखित झाले आहे. नियमाप्रमाणे भंगारातच जाईल. गाडी उद्या येईल.’

बाईंनी वाचलं. “निर्लेखित! काय पण शब्द काढलाय. जे उद्या तुकडे करून वितळवायचं ते आज एका बाईला दिलं तर डेपोचं काय जातं? कुठला नियम मोडतो, तेवढं दाखवा.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मागे फायली लावत असलेल्या कारकुनाकडे मान वळवून, बाईंकडे पाठ करून ते हसत म्हणाले, “यांना कोण सांगणार आता? असले आवाज मोबाइलवर ढिगानं मिळतात. म्हातारपणी खेळणं पाहिजे झालंय, दुसरं काय.”

“मोबाइलवर मिळतात, ऐकलेत मी,” चार्टबाई म्हणाल्या.

कारकुनाच्या हातातली फाइल खाली पडली. ती पडल्याचा आवाजही बाईंनी ऐकला.

“पण ते नुसते वाजतात, साहेब. मी बोट ठेवलं म्हणून वाजत नाहीत. मी फोन लावला म्हणून उचलत नाहीत. ते मशीन मला उत्तर देतं. सगळे पाटीवर लिहीत होते तेव्हा ते एकटं माझ्याशी बोललं. त्याला तुम्ही खेळणं म्हणा, मला म्हातारी म्हणा, काही वाटून घेत नाही मी. पण माझ्यासमोर म्हणा, पाठ फिरवून नको.”

साहेब लाल झाले. खिडकीतले हमाल आता हलायचं नाव घेत नव्हते. दाराशी उभा असलेला म्हातारा ड्रायव्हर टोपी डोक्यावर घालून दोन पावलं आत आला आणि बायकोच्या शेजारी उभा राहिला.

साहेबांचा हात सवयीनं पुन्हा पॅडकडे गेला. बाईंनी तो पॅड उचलला आणि टेबलावर पालथा घातला.

“लिहू नका,” त्या म्हणाल्या. “मशीन देताय की नाही? बोला, साहेब. मला ऐकू येतंय.”