तेविसावा टाका

गोटीचा श्वास झोपेत मधूनच चुकतो, या काळजीने त्या आठवड्यात माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. काळजी करण्यात मी तशी पटाईत आहे. ती तीन महिन्यांची असताना फार शांत झोपते म्हणून मी तिला हलवून उठवलं होतं आणि मग फार रडते म्हणून डॉक्टरांकडे नेलं होतं, हा किस्सा आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला अजून चहाबरोबर दिला जातो. त्यामुळे चार वर्षांच्या पोरीच्या नाकाखाली तळहात धरून मी बसलेय, हे पाहिल्यावर नवरा कूस बदलत एवढंच म्हणाला, "हजेरी घेऊन झाली की दिवा घालव."

सत्तेचाळीस श्वास सुरळीत येत. अठ्ठेचाळिसाव्याला तिची छाती नेहमीसारखीच वर यायची, पांघरुणाची कड उचलली जायची, पण माझ्या तळहातावर काही यायचं नाही. छाती खाली बसायची आणि पुन्हा एकपासून सगळं नीट. डॉक्टरांनी तिला तपासलं, तिच्याकडून फुगा फुगवून घेतला आणि मला विचारलं, "तुम्ही काम काय करता?" मी सांगितलं. "तरीच," ते म्हणाले. "मोजणं थांबवा."

मी चामड्याच्या बॅगा आणि पट्टे शिवणाऱ्या कारखान्यात मशीनांची देखभाल करते. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन रांगांत बारा मशीनं आणि मागे सामानाची खोली. मला हे काम फिटरकाकांनी शिकवलं, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं की कापड क्षमा करतं, चामडं करत नाही. कापडातली चुकीची शिवण उसवून पुन्हा घालता येते, पण चामड्याला सुईने एकदा पाडलेलं भोक जन्मभर तसंच राहतं. म्हणून आमच्याकडे रीत अशी, की मशीनला नुसता स्क्रू-ड्रायव्हर जरी लावला तरी काळ्या चामड्याच्या पट्टीवर पांढऱ्या दोऱ्याची हातभर शिवण मारायची, मागे तारीख घालायची आणि ती पट्टी मशीनशेजारच्या खिळ्याला अडकवायची. माणूस विसरतो, पट्टी विसरत नाही, असं काका म्हणतात. स्वतःचा चष्मा कुठे ठेवला हे ते दिवसातून चार वेळा मला विचारतात, ते वेगळं.

त्याच सुमारास तीन नंबरचं मशीन टाका सोडायला लागलं होतं. भोक पडायचं, पण त्यात दोरा लागायचा नाही. हा काही जगावेगळा आजार नव्हे. सुई वर येताना तिच्या अंगाला दोऱ्याचा छोटा फास तयार होतो, खालून फिरत येणारा हुक तो पकडतो, आणि पकड हुकली की टाका सुटतो. मी सुई बदलली, दोरा बदलला, ताण सैल केला, हुकाचं टोक घासून गुळगुळीत केलं, सुई आणि हुकातलं अंतर कागद सरकवून पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं. शेवटी मी पट्टी घेऊन टाके मोजायला बसले, आणि दर अठ्ठेचाळिसावं भोक रिकामं निघालं.

"असं नसतं," काका म्हणाले.

असं नसतंच. एका टाक्याला सुईचा दांडा एकदा खाली-वर होतो, हुक दोन फेरे घेतो. अठ्ठेचाळीस टाक्यांनी फिरून जागेवर येईल असा एकही भाग त्या मशीनमध्ये नाही. मी वेग कमी केला, वाढवला, हाताने चाक फिरवून पाहिलं. अठ्ठेचाळीस. त्या वेळी मी स्वतःची समजूत काढली, की एक आकडा डोक्यात बसला की बाईला तो सगळीकडे दिसतो, गरोदरपणात रस्त्यावरची प्रत्येक बाई गरोदर दिसते तसा. पुढच्या आठवड्यात पट्टीवर एकतीस आले. त्या रात्री गोटीचेही एकतीस आले. मग तेवीस आणि तेवीस, आणि मी समजूत काढणं सोडून दिलं.

गोटीची शाळा दुपारी सुटते, आणि मग ती सामानाच्या खोलीत फोमच्या थप्पीवर झोपते, अर्धी उशी नेहमी रिकामी सोडून. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका अंगणात गेल्या होत्या. तीन नंबरवरून सामानाच्या खोलीचं दार सरळ समोर येतं. मी हाताने चाक फिरवत होते, नजर पोरीवर, आणि माझ्याही नकळत तिच्या एकेका श्वासाला एकेक टाका पडत गेला. बाविसाव्यानंतर सुई वर आली आणि मी हात थांबवला. का थांबवला, हे मी अजूनही नीट सांगू शकत नाही. बिघाड शोधताना बिघाडाच्या आधी थांबावं, एवढीच हाताला सवय असावी.

गोटीची छाती वर आली आणि वरच राहिली.

मी तिच्याकडे धावायला हवं होतं. कोणतीही आई धावली असती. मी चाक फिरवलं. सुई चामड्यात गेली, रिकामी वर आली, आणि तिकडे थप्पीवर पोरीची छाती हळूच खाली बसली.

"शनिवारी भंगारवाला येतोय," त्याच संध्याकाळी हात पुसत काका म्हणाले. "तीन नंबर देऊन टाकू. म्हातारं झालंय."

"नका देऊ."

"अगं, घरच्यासारखं काय करतेस? मशीन आहे ते."

"काका, मला दोन दिवस द्या."

"तू झोपत नाहीस का गं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता चष्मा शोधायला लागले. तो त्यांच्या कपाळावरच होता.

ते मशीन भंगारात घणाखाली गेलं तर काय होईल, याचा विचार मी पूर्ण करूच शकत नव्हते; प्रत्येक वेळी तो अर्ध्यावर सुटायचा. दुरुस्त करायचं तर ते उघडावं लागणार होतं, आणि हुक हातात काढून घेतल्यावर काय होईल, हेही मला ठाऊक नव्हतं. शेवटी ठरवलं, गोटी टक्क जागी असेल तेव्हाच उघडायचं. शुक्रवारी सकाळी तिला शाळेत सोडलं आणि अकराच्या आत बाईंना तीन वेळा फोन केला.

"ताई, ती मातीचा साप करतेय," तिसऱ्या वेळी बाई म्हणाल्या. "आता सापाची तब्येत सांगायची असेल तर सांगते."

मी हसले, फोन ठेवला, वीज बंद केली आणि मशीन आडवं पाडलं. नवा हुक बसवला. मग जे केलं ते पुस्तकात नाही. सुईच्या दांड्यावर मशीन बनवणाऱ्यांनी कोरलेली खूण असते, त्या खुणेला हुक सुईपाशी यायला हवा. मी स्क्रू ढिला करून त्याला केसभर उशिरा आणला. उशीर झाला की फास मोठा होतो, हुक चुकायला जागा उरत नाही. स्क्रू आवळताना स्क्रू-ड्रायव्हर दोनदा घसरला.

पट्टी लावली. बावीस, तेवीस, चोवीस. तेविसाव्या भोकात दोरा होता. मी पट्टीमागून पट्टी शिवत गेले. पाचशे टाके झाले तरी एकही भोक रिकामं नव्हतं. काकांनी सगळ्या पट्ट्यांवरून नख फिरवलं.

"काय केलंस?"

"केसभर उशीर केला."

"खूण सोडून?"

"खूण सोडून."

पट्टीमागे तारीख त्यांनी स्वतः घातली, आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं.

दुपारी गोटी फोमवर झोपली. बाहेर तीन नंबरवर शिवणाऱ्या मावशी पुन्हा कामाला बसल्या होत्या आणि मशीन एका लयीत चाललं होतं. मी दार लोटून घेतलं आणि तिच्या नाकाखाली तळहात धरला. एकवीस. बावीस. तेविसावा श्वास माझ्या तळहातावर आला. ओलसर, कोमट, वरणभाताच्या वासाचा. मी शंभरापर्यंत मोजलं, मग पुन्हा शंभर. एकही चुकला नाही. मग पदराने तोंड दाबून मी रडले, आणि आपण रडतोय कशाला म्हणून मलाच हसू आलं. या सगळ्यातलं नवऱ्याला काय सांगायचं, किती सांगायचं, म्हणजे पाहुण्यांना ते चहाबरोबर मिळणार नाही, याचीही जुळवाजुळव मी मनात सुरू केली होती.

गोटीने डोळे उघडले. उठल्याउठल्या ती बिस्कीट मागते, म्हणून मी मोकळ्या हाताने डब्याचं झाकण काढलं होतं. पण तिने डब्याकडे पाहिलं नाही. ती तशीच पडून दारापलीकडचा तो सलग आवाज ऐकत राहिली, कपाळाला बारीक आठी घालून, कुणीतरी बोलावेल म्हणून कान द्यावा तशी.

"मशीन बरं झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"आता सोडत नाही?"

"एकही टाका सोडत नाही."

तिने माझा तळहात आपल्या नाकाखालून बाजूला केला, उशीच्या रिकाम्या अर्ध्या भागावर अलगद नेऊन ठेवला आणि म्हणाली, "मग आता ती श्वास कधी घेणार?"